सदतीस माणसं, वीस मास्क

नूरुद्दीन होडेकरला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बाणकोटच्या खाडीकाठचा हा माणूस मॅट्रिक होऊन रियाधला आला, तेव्हा अल सुलैच्या गोदामांच्या रांगेत एक लाँड्री नव्यानेच उघडत होती. कपड्यांवर टॅग मारायच्या कामावर तो लागला आणि नवव्या वर्षी तिथला सुपरवायझर झाला. खुर्ची मिळाली, पण ती रिकामीच असायची. नूरुद्दीन कधी ड्रायरच्या दारात, कधी इस्त्रीच्या टेबलांमधून, तर कधी उगाचच अंगणात फेऱ्या मारत असे. गावाकडे बायको हलिमा म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी आहे, देवानेच बांधलेली."

नव्वदच्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळलं आणि ह्या भिंगरीला आणखी वेग आला. सप्टेंबरपासून अमेरिकन सैन्याचे कपडे येऊ लागले. वाळूच्या रंगाचे, घामाने ताठ झालेले युनिफॉर्म ट्रकच्या ट्रक भरून. लाँड्री चालवणारी कंपनी अमेरिकन, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसे तो मालक, सौदी आणि राबणारे आम्ही सदतीस जण, असं नूरुद्दीन घरी पत्रात लिहायचा. सदतिसांत नऊ कोकणातले होते. बाकीचे उत्तर प्रदेश, केरळ, बांगलादेश आणि फिलिपीन्सचे. नवांपैकी एक सिराजुद्दीन, हलिमाचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा, लग्नाला वर्ष झालेलं. त्याला नूरुद्दीननेच व्हिसा पाठवून आणवलं होतं.

जानेवारीत लढाईला तोंड लागणार हे नक्की झालं. इराक विषारी वायू सोडणार, असं जो तो बोलू लागला. पैसेवाल्यांनी बायकामुलांना घेऊन जेद्दाची वाट धरली. लाँड्रीतल्या दोघांना दूर दक्षिणेला जिझानला ओळखीच्या माणसाकडे जायचं होतं, पण शहराबाहेर पडायला कफीलचं पत्र लागे, आणि कफीलने सरळ सांगितलं, "काम सोडून कुणी जायचं नाही. खलास."

त्याच आठवड्यात एका सकाळी कंपनीच्या ऑफिससमोर खोकी उतरली. नूरुद्दीनने लांबूनच ओळखलं, गॅस मास्क. त्याने माणसांना हात धुऊन रांग लावायला सांगितलं आणि स्वतः पुढे गेला. मॅनेजर एक गोरा, उंच, एरवी सभ्य माणूस होता. हातातल्या यादीवर टिक करत होता. यादीत अमेरिकन होते, दोन इंग्रज होते, एक जर्मन मेकॅनिक होता.

"सर, आमचे?" नूरुद्दीनने विचारलं.

"तुमचे ह्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नाहीत," मॅनेजर म्हणाला. त्याचा सूर वाईट नव्हता, आणि तेच नूरुद्दीनला जास्त लागलं. "ओला टॉवेल तोंडावर धरा. खिडक्यांना टेप लावा."

मागे रांगेत धुतलेले हात घेऊन माणसं उभी होती. "नंतर येणार आहेत," असं काहीतरी पुटपुटून नूरुद्दीन आत वळला.

पुढच्या दिवसांत शहराने श्वास रोखून धरला होता. भोंगे वाजू लागले, आकाशात धडाडधूम होऊ लागली, आणि सकाळी माणसं सुजल्या डोळ्यांनी कामावर येऊ लागली. ड्रायरचं दार आपटलं तरी कुणीतरी दचकून खाली बसे. नूरुद्दीनच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. तो मोजून बघायचा, टॉवेल किती, बादल्या किती, खोलीच्या खिडक्या किती. पुन्हा मोजायचा. प्रत्येक वेळी आकडा तोच यायचा आणि जिवाला चैन पडत नसे.

दर शनिवारी आणि मंगळवारी सैन्याच्या कायदा विभागाचे कपडे न्यायला सार्जंट टालबर्ट नावाची एक अमेरिकन बाई यायची. काळी, ठेंगणी, पस्तिशीची. युनिफॉर्ममधले दोन सैनिक बरोबर असत, पण बंडलं ती स्वतः मोजून घ्यायची. त्या मंगळवारी तिने टॅग तपासता तपासता विचारलं, "मिस्टर होडेकर, तुमचे मास्क कुठे आहेत? भोंगा वाजला तर हाताशी हवेत."

"आम्हाला नाहीत, मॅडम. फक्त गोऱ्यांना आहेत," नूरुद्दीन बोलून गेला आणि जीभ चावली. हे तिच्याच देशाच्या कंपनीबद्दल होतं.

टालबर्टचा हात थांबला. ती बंडलावरच टेकून बसली.

"माझी आई अलाबामात गोऱ्यांचे कपडे धुवायची, इस्त्री करायची," ती म्हणाली. "त्यांच्या घरात मागच्या दाराने जायची. मी आठ वर्षांची असताना गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा दारात बंदुकवाले पोलीस उभे होते. माझ्या रक्षणासाठी. आणि ते कशाच्या जोरावर, तर आमच्या राज्यघटनेतल्या एका वाक्याच्या. चौदावी दुरुस्ती. कोणतंही राज्य आपल्या हद्दीतल्या कुणाही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही."

नूरुद्दीन चमकला. "चौदा? आमच्याकडेही आहे, मॅडम. कलम चौदा. शाळेत नागरिकशास्त्राला पाठ केलं होतं." त्याने आठवून आठवून म्हणून दाखवलं. शब्द जवळजवळ तेच निघाले. दोघेही हसले. कितीतरी दिवसांनी त्या शेडमध्ये कुणी हसलं होतं.

"ह्यातला खरा शब्द 'व्यक्ती'," टालबर्ट म्हणाली. "नागरिक नाही म्हटलेलं, व्यक्ती म्हटलंय. शंभरेक वर्षांमागे सॅन फ्रान्सिस्कोत चिनी लोक लाँड्र्या चालवायचे. तुमच्यासारखेच. परदेशी, नागरिकत्व नाही. शहराने नियम केला, लाकडी घरात लाँड्री चालवायची तर परवाना घ्या. नियमात चिन्यांचं नावही नव्हतं. पण अर्ज गेले तेव्हा दोनशे चिन्यांपैकी एकालाही परवाना मिळाला नाही, आणि गोऱ्यांना एक सोडून सगळ्यांना मिळाला. एक लाँड्रीवाला तुरुंगात गेला, पण भांडत राहिला. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कायदा कागदावर सरळ असेल, पण तो चालवणारा हात वाकडा असेल तर तो अन्यायच. आणि हे संरक्षण त्या चिन्यालाही आहे."

"मग आम्हालाही आहे?"

"खोटं सांगणार नाही," टालबर्ट म्हणाली. "ते वाक्य आमच्या राज्यांना बांधतं, त्यांच्या हद्दीत. रियाधमध्ये एका परदेशी कामगारासाठी कोर्ट ते उचलून धरेल असं मला वाटत नाही. पण कंपनी आमच्या सैन्याचं काम करते. तुम्ही अर्ज लिहा. मी तो योग्य टेबलावर ठेवीन. इतकं माझ्या हातात आहे."

नूरुद्दीनने दुपारच्या सुट्टीत अर्ज टाइप केला. एकच पान. आम्ही सदतीस व्यक्ती आहोत, तुमच्या सैनिकांचे कपडे धुतो, विषारी वायू नाकात शिरताना पासपोर्ट बघत नाही. शेवटचं वाक्य त्याने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

खरी पंचाईत सह्यांची झाली. सगळ्यांचे पासपोर्ट कफीलच्या कपाटात होते. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला की दुसऱ्या दिवशी विमान. माणसं कागदाकडे बघत आणि मान खाली घालत.

"भावोजी, हात दाखवून अवलक्षण कशाला?" सिराजुद्दीन म्हणाला. "हे लोक आपल्याला हाकलतील. घरी काय सांगायचं?"

"घरी काय सांगायचं हेच तर मी बघतोय," नूरुद्दीन म्हणाला. "सिराज गेला असं हलिमाला मी कुठल्या तोंडाने सांगू?"

तरी सिराज पुढे आला नाही. पुढे आला तो हरिहर. गोरखपूरकडचा इस्त्रीवाला, पन्नाशी उलटलेला, सही न येणारा. त्याने शाई लावून अंगठा उमटवला आणि तो टेबलाच्या फडक्याला पुसत म्हणाला, "नूरभाई, मरना ही है तो नाम लिखवा के मरेंगे." त्यानंतर एकेक करत चौतीस झाले. सिराजने सगळ्यांत शेवटी, कुणी बघत नसताना सही केली. तिघांनी नाहीच केली.

टालबर्ट शनिवारी अर्ज घेऊन गेली. मंगळवारी ती आलीच नाही. नूरुद्दीनला वाटलं, संपलं सगळं. फाटकाशी गाडी वाजली की कफील आला, असं वाटून तो धावत दाराशी जाई. चौथ्या दिवशी सैन्याची एक जीप आली आणि दोन खोकी ठेवून गेली. आत वीस मास्क होते. वर चिठ्ठी, टालबर्टच्या हातची: "सध्या एवढेच मिळाले. बाकीच्यांसाठी भांडते आहे."

शेडमध्ये जल्लोष झाला. मॅनेजरने खोकी बघितली, भुवया उंचावल्या आणि नूरुद्दीनला म्हणाला, "तुमचे लोक, तुमचे मास्क. वाटप तुम्हीच करा."

नूरुद्दीन कधी नव्हे तो खुर्चीत बसला आणि यादी करू लागला. सिराजुद्दीन. मग बाणकोटचे दोघे, हर्णैचे दोघे, श्रीवर्धनचे तिघे. मग स्वतःचं नाव. लेखणी भराभर चालली होती. कोकणातले नऊ झाल्यावर केरळचे, त्यांच्याशी जरा घरोबा होता. विसाव्यावर तो थांबला. ही यादी करायला त्याला विचारच करावा लागला नव्हता.

दारात हरिहर उभा होता. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. त्याने नुसतं विचारलं, "नूरभाई, मेरा नाम कौन से नंबर पे है?"

नूरुद्दीनने कागदाकडे पाहिलं. हरिहरचं नाव नव्हतंच. ज्याने पहिला अंगठा दिला, त्याचं. बांगलादेशातल्या एकाचंही नव्हतं, फिलिपीन्सच्या एकाचंही नव्हतं. मॅनेजरच्या यादीत निदान एक बरं होतं, ती वरून आली होती. ही तर त्याच्या स्वतःच्या हातातून उतरली होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वाकड्या हाताबद्दल टालबर्ट काय म्हणाली ते त्याला आठवलं, आणि कानशिलं तापली.

"अजून लिहिलं नाही," तो हरिहरला म्हणाला. हे खोटं होतं. हरिहर गेल्यावर त्याने कागद फाडला.

तासभर तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. मग सगळ्यांना बोलावून सांगितलं. मास्क कुणाच्या नावावर नाहीत. सकाळच्या पाळीत एकोणीस माणसं, दुपारच्या पाळीत अठरा. मास्क कामाच्या जागी खुंट्यांवर राहतील. जो पाळीवर, त्याला मास्क. पाळ्या दर तीन दिवसांनी बदलतील, म्हणजे कुणाची वेळ कायमची चांगली नाही आणि कुणाची वाईट नाही. ज्या तिघांनी सह्या केल्या नव्हत्या, त्यांनाही हाच नियम.

"आणि पाळी नसेल त्याचं काय?" कुणीतरी विचारलं.

"त्याला ओला टॉवेल. मलासुद्धा."

लोक पांगले तसा सिराज जवळ आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी तुमच्या बायकोचा भाऊ आहे, भावोजी. मला तुम्ही इथे आणलंत. आणि मी आणि तो इस्त्रीवाला सारखेच?"

"हो," नूरुद्दीन म्हणाला.

"हे हलिमाबुबूला लिहा."

"लिहितो."

सिराज त्याच्याशी बोलायचा बंद झाला.

फेब्रुवारीत एका भर दुपारी भोंगा वाजला. नूरुद्दीन त्या दिवशी सकाळची पाळी संपवून खोलीवर आला होता. सिराज शेडमध्ये पाळीवर होता. खोलीत अठरा-एकोणीस जण ओले टॉवेल तोंडाला लावून भिंतीशी बसले. हरिहर शेजारीच होता, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. लांब कुठेतरी मोठा आवाज झाला, काचा थरथरल्या, एका खिडकीची टेप सुटली. टॉवेलातून साबणाचा वास येत होता. नूरुद्दीनला सारखं वाटत होतं, हा साबणाचाच वास आहे ना? फक्त साबणाचाच? त्याला मनातून सिराज शेडमध्ये आहे ह्याचं बरं वाटलं, आणि लगेच बाजूला बसलेल्या हरिहरकडे बघून स्वतःची लाज वाटली. दोन्ही एकाच श्वासात.

वायू आला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. महिनाअखेर लढाई थांबली. उरलेले सतरा मास्क मार्च लागल्यावर आले, कोरे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. टालबर्ट ते स्वतः घेऊन आली होती. "उशीर झाला," ती म्हणाली. "आमच्याकडेही असाच होतो. आईला मागचं दार सोडायला आयुष्य लागलं." तिची बदली झाली होती. तिने नूरुद्दीनशी हात मिळवला, मग काहीशी संकोचत हरिहरशीही. हरिहरने तिला वाकून नमस्कार केला.

अर्जाची गोष्ट कफीलपर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागला. त्याने आरडाओरडा केला नाही. फक्त नूरुद्दीनचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. ओळखीतून नूरुद्दीनला हाइलला एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत जागा मिळाली. सुपरवायझरची नाही, साधी. उत्तरेची कोरडी थंडी, भोवती गव्हाची शेतं, आणि दिवसभर चादरी. पगार कमी होता. हलिमाने पत्रात एकदाही तक्रार केली नाही, पण भावाची चौकशीही केली नाही, आणि त्या न विचारण्याने नूरुद्दीनची झोप उडे.

दोन वर्षांनी ईदला सिराजुद्दीन न कळवता बसने हाइलला आला. बरोबर खजुराचा डबा. दोघांनी मिळून मटण शिजवलं, जेवले. सिराजने लेकीचा फोटो दाखवला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "भावोजी, मला तेव्हा राग आला होता. अजून आहे."

"असू दे," नूरुद्दीन म्हणाला.

"गेल्या महिन्यात मला त्यांनी सुपरवायझर केलं. एसी असलेल्या खोल्यांत जागा आल्यात, आठ. माणसं तीस." सिराजने ताटातलं हाड बाजूला सारलं. "गावची पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत. यादी लिहायला बसलो की हात पुढे सरकत नाही. तुम्ही काय केलं असतंत?"

नूरुद्दीन उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. मग कागद शोधायला लागला.

"आधी सांग," तो म्हणाला, "बॉयलरच्या बाजूच्या उकाड्यात कोण झोपतं?"