फिल्टर वाळेपर्यंत

आमच्या गल्लीत त्याला सगळे नाकमास्तर म्हणतात. मोटरसायकलचा एअर फिल्टर म्हणजे इंजिनाचं नाक, असं तो येईल त्याला ऐकवतो, म्हणून. मी शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवतो. दोघांच्या मधे पत्र्याची भिंत आहे, त्यामुळे त्याचं बोलणं नको असलं तरी कानावर येतं. खरं सांगायचं तर ते मला हवंच असतं.

गिऱ्हाईक तरुण असलं की मागणी ठरलेली. कंपनीचा डबा काढा, उघडा फिल्टर बसवा, गाडी विमानासारखी पळाली पाहिजे. मास्तर कपाळाला हात लावतो.

"अरे, हवा जास्त आत घेतलीस की पेट्रोलही त्या मापात वाढवावं लागतं. कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा नाही म्हणतोस, मग इंजिन तापून बसेल आणि तू माझ्या नावानं बोंब मारशील. नुसत्या फिल्टरनं गाडी पळत नाही बाबा, ओरडते."

गिऱ्हाईक पळवून लावण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. जे टिकतात ते मात्र कायमचे टिकतात.

त्याचे फिल्टर सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरायचे. धुवायचा, सावलीत वाळवायचा, मग बेतानं तेल लावायचं, म्हणजे धूळ त्यालाच चिकटून राहते. वाळायला अख्खा दिवस जातो. कॉम्प्रेसरची हवा मात्र चुकूनही मारायची नाही, जाळी फाटते. असं करणाऱ्या भल्याभल्यांची त्यानं बिनपाण्यानं केली आहे. गिऱ्हाइकाचा दिवस मोडू नये म्हणून तो प्रत्येक मापाचा एकेक तयार फिल्टर दोरीवर टांगून ठेवतो. मळका द्या, तयार घ्या, चहा संपेपर्यंत मोकळे.

फक्त एका गाडीला ही सोय नव्हती. त्याच्या मुलीच्या.

मुलगी शेजारच्या गावात राहते. नवरा, नोकरी, एक लहान मुलगा, सगळी धावपळ. बायको गेल्यापासून मास्तर गाळ्यावरच्या माळ्यावर एकटा असतो. जेवताना रेडिओ लावतो आणि बातम्या देणाऱ्याशी वाद घालतो. आधी मला हसू यायचं. आता येत नाही.

मुलीचा येतेय म्हणून फोन आला की तो तिच्या मापाचा फिल्टर दोरीवरून काढायचा आणि गुपचूप माझ्याकडे आणून द्यायचा. "आजचा दिवस ठेव." मी तो फोमच्या तुकड्यांखाली सरकवायचो. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला काय दिसत नव्हतं?

मग ती यायची. "बाबा, तयार नाही का एखादा?"

"त्या मापाचा नाही गं. वाळेपर्यंत बस."

ती कुरकुरायची, जॅकेट काढायची आणि बसायची. फार गप्पा होत असं नाही. ती फोनवर ऑफिसची कामं उरकायची, तो पाने पुसत राहायचा. पण त्या दिवशी रेडिओ बंद असायचा, आणि माळ्यावरून भाजी फोडणीला टाकल्याचा वास खाली माझ्यापर्यंत यायचा. बाकीच्या दिवशी तो चहात पाव बुडवून भागवतो.

एकदा फिल्टर नुकताच धुऊन झाला होता आणि तिला फोन आला. मुलाला पाळणाघरात सणकून ताप भरला होता, नवरा बाहेरगावी. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, मी निघते. राहू दे फिल्टर, तशीच नेते गाडी."

"वेडी आहेस का? रस्त्याचं काम चालू आहे, सगळी धूळ सिलिंडरमध्ये जाईल."

"मग काय करू मी?"

उत्तर मास्तरकडेच होतं. आता तयार आहे म्हणावं तर इतक्या दिवसांचं सगळं उघडं पडणार. मी पत्र्याच्या फटीतून बघत होतो. त्यानं काय करावं? कॉम्प्रेसर चालू केला आणि ओल्या फिल्टरवर हवेचा फवारा धरला. नाकमास्तरनं! जाळी टरकन फाटली. तो फाटलेल्या कापडाकडे असा बघत राहिला की मला पुढचं बघवेना. मी फोम उपसला, तयार फिल्टर काढला आणि त्यांच्या गाळ्यात गेलो.

"हा माझ्याकडे आला होता बघा, चुकून," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही, हे माझी बायकोही सांगेल.

मुलीनं फिल्टर हातात घेतला, बोटानं तेल चाचपलं. मेकॅनिकची लेक ती.

"हा तर तयारच आहे, बाबा."

त्यानं फाटकी जाळी बाजूला ठेवली.

"म्हणजे दर वेळी?"

"दर वेळी."

"अहो, मग राहा म्हणायचं ना तोंडानं!"

"म्हटलं होतं. आई गेली त्या वर्षी. तू म्हणालीस, बाबा, इथं थांबून मी करू काय?"

ती काहीतरी बोलणार होती, पण पोर तापानं फणफणत होतं. तिनं स्वतःच फिल्टर बसवला, क्लिप आवळली, गाडी काढली. मास्तर कॉम्प्रेसर बंद करायला विसरला होता. तो मी बंद केला.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला. पुढच्या वेळी ती आली तेव्हा फिल्टर दोरीवर सगळ्यांच्या सोबत टांगलेला होता. मास्तरनं तो काढून बसवला, मळका बाजूला ठेवला. चहा अजून गरम होता. ती म्हणाली, आज मी सुट्टी घेऊन आले आहे. तो म्हणाला, बरं केलंस. मग दोघं बसले. तिनं मुलाच्या शाळेचं सांगितलं, त्यानं चांगलं आहे म्हटलं. तिनं गुडघ्याचं विचारलं, त्यानं बरा आहे म्हटलं. तेवढ्यात सगळं बोलून झालं. ती उठून माळ्यावर जाऊन आली, परत बसली. फोन काढला, बघितला, ठेवून दिला. मला पत्र्याच्या अलीकडे सुईत दोरा ओवता येईना. वाटलं, अरे, भांडा तरी!

शेवटी तोच म्हणाला, "ऊन चढायच्या आत नीघ. पोरगं वाट बघत असेल."

"आज तो त्याच्या बाबाजवळ आहे."

"तरी पण."

ती हेल्मेट घालून निघाली. मी त्याच्याकडे गेलो आणि तावातावानं म्हणालो, "सुट्टी घेऊन आली होती ती! तिला घालवलीस कशाला?"

तो मळका फिल्टर पाण्याखाली धरून बसला होता.

"मी घालवली नाही रे," तो म्हणाला. "तिनं तेव्हा विचारलं होतं ना, इथं थांबून करू काय? आज मला वाटलं, आता सांगू. मलाही काही सुचलं नाही."