ऑर्विल राहणार की जाणार

वनिताचा आवाज मोठा. बार्शीला माहेरी हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. सारंगच्या नोकरीपायी ती तोक्योला आली, हिगाशी-कसाईतल्या एका उंच इमारतीत संसार मांडला, तेव्हा मात्र पहिल्यांदाच तिला आपल्या आवाजाची लाज वाटायला लागली. ट्रेनमध्ये तिनं सारंगला दोन वाक्यं सांगितली की समोरचा माणूस पुस्तकातून डोकं वर काढायचा. लेक ओवी तर बालवाडीत जायला लागल्यापासून आईची ओढणी ओढून जपानीत "हळू, हळू" करायची. वनितानं आवाज गिळायला शिकून घेतलं. पुढे निशी-कसाईच्या एका सुपरमार्केटात, तळणीच्या विभागात तिला बाइतो मिळाला, म्हणजे रोजचे ठरावीक तास काम. तिथे तेलाचाच आवाज इतका असे की तिच्या बोलण्याचं कुणाला काही वाटत नसे. तिला ते काम आवडायचं.

एका हिवाळ्यात ओवीच्या शाळेनं मुलांना आणि पालकांना बास्केटबॉलचा सामना बघायला नेलं. एदोगावा हेरॉन्स हा दुसऱ्या श्रेणीतला संघ, त्यांचा सामना वॉर्डाच्या क्रीडागृहात होता. वनिताला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण समोरच्या संघाचा एक खेळाडू फ्री थ्रो मारायला रेषेवर उभा राहिला आणि आजूबाजूची सगळी शांत, सभ्य माणसं एकदम गलका करायला लागली. त्याचा नेम चुकावा म्हणून हे करायचं असतं, असं ओवीनं सांगितलं. वनितानं इकडेतिकडे पाहिलं, श्वास भरून घेतला आणि पोटातून जी हाळी दिली, ती ऐकून पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ मागे वळले. रेषेवरचा खेळाडूही दचकला. चेंडू कडीला लागून बाहेर गेला. म्हातारे उठले, वनितासमोर वाकले आणि आपल्या शेजारची खुर्ची तिला दाखवत म्हणाले, "इथे या. तिथून वाया जातोय."

ते शिबाता-सान. स्टेशनामागच्या गल्लीत त्यांचं केशकर्तनालय. पंचाहत्तरी ओलांडली तरी वस्तरा हातातून सुटला नव्हता. त्या दिवसापासून वनिता त्यांच्या शेजारी बसायला लागली आणि दोन हंगामांत तिला खेळातलं सगळं कळायला लागलं.

पुष्कर त्यांच्यात नंतर आला. पुण्याचा मुलगा, एका आयटी कंपनीत, एकटा राहणारा. सामन्यात मराठीतून "अरे मार ना" ऐकू आलं म्हणून तो शोधत शोधत वनितापर्यंत आला आणि "वनिताताई" म्हणत तिथेच बसला. त्याला खेळाडूंचे आकडे तोंडपाठ असत.

मे महिन्यात हंगाम संपला की या तिघांचा खरा हंगाम सुरू व्हायचा. जून संपेपर्यंत क्लब कुणाचे करार वाढवले, कुणाचे संपले हे जाहीर करत जातात. आज कोण मोकळा झाला, त्याला आपल्याकडे आणावं का, आपल्यातलं कोण सोडावं, यावर शनिवारी सकाळी मोरिकावाबाईंच्या किस्सातेनमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानात, खल चालायचा. जाड टोस्ट, उकडलेलं अंडं, कॉफी आणि वाद. मोरिकावाबाई बास्केटबॉल बघत नसत, पण त्यांनाही सगळी नावं पाठ झाली होती.

यंदाचा वाद होता ऑर्विलचा. ऑर्विल बेकन हा हेरॉन्सचा अमेरिकन सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. पाच वर्षं याच संघात. वय चौतिसाच्या पुढे, उजवा गुडघा सतत पट्टीत, पण बास्केटखाली उभा राहिला की बुरुज. परदेशी खेळाडूंच्या जागा संघात मोजक्याच असतात आणि त्यातली एक ऑर्विलनं अडवलीय, असं पुष्करचं म्हणणं. दुसऱ्या एका क्लबातून मोकळा झालेला, लांबून नेम धरणारा एक तरुण ऑस्ट्रेलियन त्याच्या मनात भरला होता. त्याला घेतला नाही तर हा संघ जन्मात वर जाणार नाही, असं तो म्हणे. शिबाता-सान ऐकून घेत आणि एकच म्हणत, ऑर्विल राहिला पाहिजे. ऑर्विलच्या डोक्यावर महिन्यातून दोनदा वस्तरा तेच फिरवत. त्यासाठी त्यांना खुर्ची अगदी तळापर्यंत खाली करावी लागे. पण कारण ते नव्हे, असं ते सांगत. वनिता त्यांच्या बाजूनं इतक्या तावातावानं भांडायची की शेजारच्या टेबलावरची माणसं कप उचलून आतल्या खोलीत जायची.

शिवाय ऑर्विल तिच्याच इमारतीत राहायचा. क्लबनं त्याला अकराव्या मजल्यावर घर दिलं होतं. लिफ्टमध्ये तो मान वाकवून उभा असायचा आणि वनिताला बघून मोडक्या जपानीत विचारायचा, आज काय तळलं?

मेच्या अखेरीला, इमारतीतल्या कचऱ्याची जागा झाडायची पाळी वनिताकडे आली. सकाळी ती झाडू घेऊन खाली गेली तर ऑर्विल एक सुटा केलेला पलंग भिंतीला टेकवून ठेवत होता. क्लबनं त्याच्या मापाचा खास करून घेतलेला तो लांबलचक पलंग. त्यावर मोठं सामान टाकायची चिठ्ठी व्यवस्थित चिकटवलेली होती. शेजारी एक कपाट, इस्त्रीचं टेबल, दोन खुर्च्या. ऑर्विलनं तिला पाहिलं आणि नेहमीसारखा वाकला. पण आज काय तळलं, हे त्यानं विचारलं नाही.

घर बदलणारा माणूस पलंग नेतो. देश किंवा गाव सोडणारा टाकतो. वनितानं अशी किती कुटुंबं पुण्या-मुंबईला परत जाताना पाहिली होती. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन तिनं फक्त सारंगला सांगितलं. तो लॅपटॉप पिशवीत भरत होता. म्हणाला, मग शनिवारी सांगून टाक ना, वाद तरी मिटेल. वनिताला ते पटलं नाही. कुणाच्या घरातून काय बाहेर पडलं हे कचऱ्याच्या जागेवर दिसतं, म्हणून ते चारचौघांत बोलायचं नसतं. त्या माणसानं स्वतः सांगेपर्यंत ते त्याचं. आणि शिबाता-सानना ती काय सांगणार? सामन्याला ते ऑर्विलच्या नंबरचा शर्ट घालून यायचे. शर्ट इतका मोठा की खाली पँट आहे की नाही कळायचं नाही.

त्या शनिवारी ती गप्प बसली. मोरिकावाबाईंनी विचारलं, घसा बसला का? मग तिला वाटलं, नुसतं गप्प बसून भागणार नाही. बातमी येईल तेव्हा म्हाताऱ्याला एकदम धक्का बसेल. त्यांना थोडं थोडं तयार केलं पाहिजे. म्हणून तिनं हळूच सुरुवात केली. पुष्करच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. गुडघा तर आहेच. आणि पाच वर्षं म्हणजे काही कमी झाली नाहीत, माणसालाही बदल हवा असतो.

पुष्करला आनंद झाला. त्यानं लगेच फोन काढून आकडे दाखवायला सुरुवात केली. शिबाता-सान मात्र वनिताकडे बघत राहिले. मग नेहमीपेक्षा जोरात बोलायला लागले. गुडघा असू दे. तरुण ऑस्ट्रेलियन येतील आणि जातील. ऑर्विलशिवाय हा संघ म्हणजे काय? टेबलावर हात आपटला तशी त्यांची कॉफी सांडली. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. वनिताला बोललेलं मागे घेता येईना आणि पुढेही रेटता येईना. निघताना शिबाता-सान दोघांकडे न बघताच वाकले.

पुढच्या शनिवारी ते आलेच नाहीत.

वनिता अस्वस्थ झाली. त्या दिवशी तळणीत तिनं कोरोक्के, म्हणजे बटाट्याचे जपानी कटलेट, दोनदा करपवले. पर्यवेक्षक बाईंनी तिला पाणी पिऊन यायला सांगितलं. काम संपल्यावर तिनं चांगले निवडलेले कोरोक्के कागदात बांधले आणि स्टेशनामागची गल्ली गाठली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शिबाता-सान वस्तरे पुसत बसले होते. तिला बघून उठले आणि खुर्चीकडे हात केला. दुसरी बसायची जागाच नव्हती. वनिता त्या मोठ्या खुर्चीत बसली. समोर आरशात ती आणि मागे ते.

ती माफी मागायला लागली. आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो, आपल्यालाही ऑर्विल हवाच आहे, असं सांगत राहिली. शिबाता-साननी तिला पुरतं बोलू दिलं. मग आरशातूनच म्हणाले, "वनिता-सान, तुम्हाला माहीत आहे ना?"

वनिता मांडीवरच्या कोरोक्क्यांच्या पुड्याची गाठ सोडायला लागली.

"तो जाणार आहे. मला त्यानं एप्रिलमध्येच सांगितलं. याच खुर्चीत."

वनितानं मागे वळून पाहिलं. "मग तुम्ही इतके का भांडत होता?"

"खुर्चीत ऐकलेलं मी बाहेर नेत नाही. आणि मी एकदम गप्प झालो असतो तर तुम्हाला सगळ्यांना कळलंच असतं." त्यांनी हातातला वस्तरा मिटून ठेवला. "शिवाय भांडत होतो तोवर मलाही वाटत होतं, कदाचित राहील."

मग वनितानं पलंगाचं सांगितलं. आपण त्यांना सवय व्हावी म्हणून बाजू बदलली, हेही सांगितलं. शिबाता-सान आधी नुसते मान हलवत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. वनितानं त्यांना इतकं हसताना सामना जिंकल्यावरही पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तुमच्याइतकं वाईट खोटं बोलणारं माणूस मी पाहिलं नाही, असं म्हणत त्यांनी चहाला पाणी ठेवलं. दोघांनी कोरोक्के खाल्ले. त्या सकाळी ते रुसून बसले नव्हते, तर दाढ दुखत होती, हेही तेव्हाच कळलं. ऑर्विल शिकोकूतल्या एका छोट्या क्लबात जाणार होता. खेळणं कमी, तरुणांना शिकवणं जास्त. गुडघ्याला ते मानवणार होतं. त्यानं ते राजीखुशीनं ठरवलं होतं, हे ऐकून वनिताच्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं.

आठवड्याभरात बातमी जाहीर झाली. संध्याकाळी वनिता भात लावत होती तेवढ्यात पुष्करचा फोन आला.

"ताई, वाचलं का?" तो म्हणाला. "मी उगाचच मागे लागलो होतो त्याच्या. त्यानं कुठे ऐकलं असेल का?"

वनिताला आधी कळेचना. हा तर महिनाभर त्याला काढा म्हणून ओरडत होता. मग ध्यानात आलं, हा तोक्योत नवा आला तेव्हाचा पहिला सामना, पहिला हंगाम, पहिला संघ, सगळ्यात ऑर्विल होता. आकड्यांत हे कुठे दिसत नाही. ऑर्विल स्वखुशीनं चाललाय, तुझ्यामुळे नाही, असं तिनं चारदा सांगितलं तेव्हा कुठे त्याचा आवाज ताळ्यावर आला. जेवायला ये म्हणाली. तो आला आणि भरपूर जेवला. ओवीनं त्याला ऑर्विलचे फोनवरचे जुने फोटो दाखवले आणि जपानीत काहीतरी बोलून हसवलंही.

ऑर्विल निघाला तेव्हा रविवार होता. इमारतीखाली क्लबची गाडी उभी होती. शिबाता-सान आदल्या दिवशीच त्याचं डोकं शेवटचं तुळतुळीत करून देऊन आले होते, पण सकाळी पुन्हा हजर झाले. पुष्कर त्याच्या बॅगा उचलायला पुढे धावला आणि एकही हलवू शकला नाही. ऑर्विलनं दोन्ही बॅगा एका हातात घेतल्या. तो वाकला, सगळे वाकले. मग त्यानं वनिताला विचारलं, आज काय तळलं?

आज सुट्टी आहे, असं ती म्हणाली. पण इतक्या मोठ्यानं, की दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. तो हसत गाडीत बसला, म्हणजे गाडीत कसाबसा मावला.

जुलैत क्लबनं नवीन सेंटर जाहीर केला. पुष्करचा ऑस्ट्रेलियन नव्हता तो. त्याला पहिल्या श्रेणीतल्या कुणीतरी कधीच उचलला होता. हा कॅनडाचा, तरुण, तिघांनी नावही न ऐकलेला. शनिवारी पुष्कर आकडे घेऊन आला. रिबाऊंड बरे आहेत, पण फ्री थ्रोचं काही खरं नाही म्हणाला. शिबाता-साननी फोटो लांब धरून पाहिला आणि हा फारच बारीक आहे, वाऱ्यानं उडेल, असं मत दिलं. ऑर्विलही पहिल्या वर्षी काही पहिलवान नव्हता, असं वनितानं सुनावलं. पोरगं अजून विमानातून उतरलंही नाही आणि तुम्ही त्याला उडवून मोकळे. शेजारच्या टेबलावरच्या दोघी कप उचलून आत गेल्या. शिबाता-सान म्हणाले, बरं, पैज. वनिता म्हणाली, लावा. मोरिकावाबाईंनी नवीन कॉफी आणून ठेवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. वनिताची कामाची वेळ होऊन गेली होती. तिनं टोस्टचा उरलेला तुकडा तोंडात कोंबला, छत्री काखेत मारली आणि दारातूनच पुष्करला ओरडून सांगितलं, सराव सामना कधी आहे ते बघून ठेव, तिघांची एका रांगेत तिकिटं काढ.