सरांचे दोन शब्द

संगमनेरला आमच्या कॉलेजात सर शिकवायचे. निवृत्तीनंतर ते जिल्हाभर व्याख्यानं देत फिरू लागले, तेही बहुतेक वेळा माझ्याच गाडीतून. बोलण्याआधी ते चष्मा काढून टेबलावर ठेवत, जरा थांबत आणि म्हणत, "मुळात प्रश्न असा आहे..." तेवढ्यात सगळं सभागृह गप्प व्हायचं. कुणालाही गावाबाहेर काढू नये, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकत आलो होतो.

यंदा सरांच्या मूळ गावी जत्रेत मुसलमानांची दुकानं नकोत, असं काही जणांनी काढलं. तिथं वर्षानुवर्षं बांगड्या विकणारे चाचा माझ्याबरोबर सरांकडे आले.

"सर, गाव तुमचं ऐकतं," चाचा म्हणाले. "यावर गावाची बैठक आहे, तिथं नुसते दोन शब्द बोला."

सरांनी चष्मा काढला. लोकभावना, इतिहास, दोन्ही बाजू, असं ते बराच वेळ बोलले. चाचा मान डोलवत राहिले.

"मग येताय ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

"यावर मी सविस्तर लिहिणारच आहे," असं म्हणून सर चहा सांगायला आत गेले.

मला राग आला नाही, नुसता शीण आला. बैठकीला मीच चाचांबरोबर गेलो आणि अडखळत का होईना, बोललो. चाचांना देवळापासून लांब, अगदी कडेला जागा मिळाली.

निघताना एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "सर न्हाई आले व्हय?"

"त्यांना बरं नाही," मी म्हणालो.