केरबाच्या आईचे देव

गौरव लोणावळ्यात लग्नांची शूटिंग करून पोट भरायचा, पण त्याचा जीव अडकला होता पणजोबांवरच्या फिल्ममध्ये. छप्पन साली भाजे गावातल्या वस्तीला बौद्ध धम्माच्या दीक्षेला घेऊन गेलेला केरबा हा त्याचा पणजोबा. तेव्हा घराघरातले देव टोपल्यांत भरून इंद्रायणीत सोडले, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगे. गौरवनं तो प्रसंग नट घेऊन थाटात शूट केला. केरबा सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर पहिली टोपली. पुढारी असाच असतो, नाही का?

मग केरबाची लेक, चंपाआजी, कॅमेऱ्यासमोर सहज बोलून गेली, "आमच्या आजीनं, आबांच्या आईनं, देव दिलंच न्हाईत. आबा म्हनलं, ऱ्हाऊ द्या. तिचं मन झालं की तीच दील."

गौरवनं ते बोलणं दोनदा मागे नेऊन ऐकलं. दाखवावं तर पणजोबांच्या नावाला बट्टा, गाळावं तर खोटेपणा. शेवटी त्यानं ते ठेवलं. विहारात फिल्म लागली तेव्हा तो दाराबाहेर उभा होता, पायातल्या चपला न काढता.

पडद्यावर चंपाआजीचं बोलणं संपलं. मग वस्तीतल्या हिरामावशी खुदकन हसल्या. "आमच्या सासूनं भात साठवायच्या कनगीत लपवलं व्हतं!"

"आमच्याबी!" मागून आवाज आला, आणि बघता बघता सगळा विहार हसू लागला. इतकी वर्षं प्रत्येक घराला वाटत होतं, हे गुपित आपल्या एकट्याचंच.

गौरवनं चपला काढल्या आणि तो आजीशेजारी जाऊन बसला. "आबांना हे ठाऊक होतं?"

"न्हाई तर काय! म्हनून तर त्यांनी कदी कुनाची कनगी उघडून बघितली न्हाई."