गव्हाच्या बिअरचे सांडगे

फ्रीमाँटच्या आमच्या गल्लीत माझ्याइतका काटेकोर माणूस नाही आणि माझ्याइतकी पाणचट बिअरही कुणाची होत नाही.

मोड आणून वाळवलेले गहू आणि जव भरडायचे, गरम पाण्यात तासभर मुरवायचे आणि पातेल्याच्या नळातून गोड पाणी गाळून घ्यायचं. धान्यातली जितकी साखर पाण्यात उतरली, तितकी तुमची एफिशियन्सी. माझी बासष्ट टक्के. शेजारच्या नागपूरकर संजयची ऐंशी!

"तू बिअर स्प्रेडशीटमध्येच बनवत जा बे," तो म्हणाला.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या शनिवारी बार्बेक्यूला सगळ्यांनी माझीच बिअर प्यायची.

हिशोब सरळ होता. दळण जितकं बारीक, तितकी साखर जास्त. बायकोच्या मिक्सरमध्ये सगळं धान्य फिरवलं, अगदी भाकरीच्या पिठासारखं! (मिक्सर जळाला. तो हिशोबात धरला नव्हता.)

तासाभराने नळ उघडला. थेंब नाही! आत खळ झाली होती.

"बाबा, इट्स सिमेंट," मुलगी म्हणाली.

"अरे, नळातून फुंकून बघ ना," बायको म्हणाली. (तिला मिक्सरचा सूड घ्यायचा होता, हे नंतर कळलं.)

मी जीव खाऊन फुंकलं. 'भप्प!' थोडा गहू गराजच्या छताला, थोडा माझ्या चष्म्याला!

नेमक्या तेव्हाच पुण्याहून आलेल्या सासूबाई फिरून परतल्या. त्यांच्या लेखी जावई निर्व्यसनी होता. बिअरचा पत्ता मी त्यांना लागू दिला नव्हता. त्या पातेल्यात वाकल्या.

"अगंबाई, गव्हाचा चीक! जावईबापू, कुरडया करताय?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"हो... कुरडयाच."

त्यांनी लगेच मीठ, जिरं आणि हिंग घातलं. माझ्या बिअरमध्ये हिंग!

"पण कोंडा कशाला ठेवलात हो?"

"फायबर," मी म्हणालो.

त्यांनी ते शिजवून सोऱ्यात भरलं. सोऱ्याही तुंबला!

"राहू द्या. सांडगे घालू," त्या म्हणाल्या, आणि माझी बिअर डेकभर उन्हात वाळत पडली.

शनिवारी बिअर अर्थातच संजयची आली. मी मुकाट्याने सांडगे तळून नेले. ताट बघता बघता रिकामं!

"काय बे, चखणा एक नंबर!" संजय म्हणाला.

मी मनात आकडेमोड केली. सगळं धान्य पोटात गेलं, वाया काहीच नाही, म्हणजे एफिशियन्सी शंभर टक्के! (छत वजा जाता सत्त्याण्णव.) हे संजयला ऐकवायला वळलो, तर शेजारी सासूबाई. हातात ग्लास, ओठांवर फेस.

"आई, अहो, ती बिअर आहे!"

"माहितीये हो. गव्हाचीच आहे म्हणे." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "जावईबापू, तुम्हीही संजयकडून असलं काहीतरी शिकून घ्या. नुसते सांडगे काय घालत बसता!"