बावीस रिकाम्या पेट्या

माशीताईकडे जमीन गुंठाभरही नव्हती. होत्या त्या साठ मधपेट्या. वडिलांनी स्वतः रंधा मारून केलेल्या, आणि झाकणांवर तिने निळ्या रंगात आकडे घातलेले. जिथे फुलोरा तिथे हिचा मुक्काम. पेट्या टेम्पोत घालायच्या आणि या बागेतून त्या बागेत न्यायच्या. फळ बागवाल्याला, मध हिला, असा सरळ व्यवहार. ती माश्यांशी बोलते म्हणून लोक हसायचे. "माणसांपेक्षा बऱ्या," असं ती म्हणायची, पण तेव्हा थट्टेनेच.

साथ आली तेव्हा पेट्या दादांच्या सफरचंदाच्या बागेत होत्या. दादा म्हणजे बागेचे मालक, नात्याचे नव्हेत, पण ताई मानायची. रस्ते बंद झाले, फुलं गळून गेली आणि पेट्या तिथेच अडकल्या. फुलं नाहीत म्हणजे माश्यांच्या पोटाला काही नाही. ताईने घरातली साखर संपवली, शेजारणींकडून मागून आणली, पाक करून पेटीपेटीत वाट्या ठेवल्या. तरी बावीस पेट्यांतल्या माश्या मेल्याच. दादा म्हणायचे, "ताई, बाग आपलीच समज. पेट्या राहू देत हव्या तितके दिवस." एवढ्या शब्दांवर बाई विरघळली. सख्ख्या भावानेही इतकं केलं नसतं, असं दिसेल त्याला सांगत सुटली.

मग सरकारने नुकसानीची मदत जाहीर केली. एका सकाळी दादांचा फोन आला. "साहेब माश्यांची पाहणी करायला आलेत. तुझ्याशिवाय पेट्या उघडणार कोण?" ताई धावत गेली. जाळीची टोपी घातली, धूर दिला, साठच्या साठ पेट्या उघडल्या आणि एकेक आकडा वाचून दाखवला. मेलेल्या माश्यांचा थर दाखवताना तिला रडू आलं. साहेबांनी फोटो काढले. आपल्या माश्यांची कुणीतरी दखल घेतली म्हणून ती दोन दिवस हवेत होती. रस्ते उघडले तरी तिने पेट्या हलवल्या नाहीत. पुढच्या बहराला दादांच्या बागेत माश्या हव्यात ना!

स्वतःचा अर्ज घेऊन ती कचेरीत गेली. त्या पैशांतून बावीस पेट्या पुन्हा माश्यांनी भरायच्या, एवढी एकच आशा होती. खिडकीतल्या कारकुनाने आकडे पाहिले आणि एक फाईल फिरवून तिच्यापुढे धरली.

"बाई, या पेट्यांची मदत कधीच गेली. एक ते साठ."

फोटोत दादा हसत उभे होते. मागे पेटीवर वाकलेली, तोंडावर जाळी ओढलेली ती. खाली लिहिलं होतं : पेट्यांचे मालक, मजुरासह.

ती कचेरीच्या पायरीवर मटकन बसली. पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण आपला गळा केसाने कापायला आपणच मान पुढे केली, आकडे आपणच वाचून दाखवले, हे तिला सोसवेना.

ती तडक दादांकडे गेली. दादांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "अगं, अर्जाला जमीन लागते. तुझ्या नावावर कुठाय? तुला थोडे देणारच होतो मी."

"माश्यांना जमीन लागत नाही, दादा. मी विचारून आलेय. आणि मजूर कोण?"

"रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं ना."

चहा तिने प्यायला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, तिने भरलेल्या पेट्यांची दारं जाळीने बंद केली आणि त्या एकेक करून टेम्पोत चढवल्या. झाडांवर कळ्या टपोरल्या होत्या. दादा लगबगीने आले.

"ताई, चार दिवसांवर बहर आलाय! माश्या नेल्यास तर फळ धरायचं कसं?"

तिने झाडांखाली बोट दाखवलं. वडिलांच्या हातच्या बावीस रिकाम्या पेट्या तिथेच होत्या. त्या सोडताना तिच्या काळजाला घरं पडली होती, पण आवाज हलला नाही.

"त्या ठेवल्यात की. कागदावर मालक तुम्ही आहात. सांगा त्यांना."