पांढरे नंबर

माझे अब्बा राजुऱ्याहून बाजारोबाजार बांगड्या विकायचे. त्यांच्यासोबत फिरता फिरता मी लहानपणीच गोंडी शिकले आणि त्या गोंडीवरच मला पहिली नोकरी मिळाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. जंगल वाचवणाऱ्या एका संस्थेनं एका लाकूड कंपनीशी हातमिळवणी केली होती. गडचिरोलीच्या आतल्या भागातला एक पट्टा कंपनीला तोडीसाठी मिळाला होता. त्यातली जुनी, मोठी झाडं कंपनीनं राखायची आणि उरलेल्यातून लाकूड काढायचं, असं मला सांगितलं गेलं.

पट्ट्याला लागून एक गाव होतं. करारावर गावाची संमती हवी होती. संस्थेच्या साहेबांनी मला मराठीत एक पान लिहून दिलं, ते मी सभेत गोंडीतून सांगितलं. ज्या झाडावर पांढरा नंबर पडेल, त्याला कोणी हात लावणार नाही. मूळ करार इंग्रजीत होता. तो माझ्या पिशवीतच होता आणि मला बेताचं इंग्रजी वाचताही येत होतं. पण मी तो उघडला नाही. साहेबांवर विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर, सगळं गाव माझं ऐकतंय याचंच मला अप्रूप होतं.

मग गावातली सुईण उठली. तिच्या शब्दाला वजन होतं.

"पोरगी आपल्या बोलीत बोलून राह्यली," ती म्हणाली. "फसवाचं असतं तर साहेबच बोलला असता."

पहिला अंगठा तिनं उठवला.

तो सगळा हिवाळा आम्ही दोघी जंगलात हिंडलो. ती झाड दाखवायची. मी टेपनं घेर मोजायची, वहीत लिहायची, बुंध्यावर नंबर घालायची. साग, बिजा, हळदू. गाव ज्याला देव मानायचं त्या ऐनाच्या झाडाकडे मात्र तिनं मला नेलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात स्वतःच म्हणाली, "याले पण टाक नंबर. मंग कोणी तोडणार नाई."

मी टाकला. रंग ओला असताना तिनं बुंध्यापाशी हात जोडले.

उन्हाळा लागता लागता कंपनीची टोळी आली. मी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहत होते. एका सकाळी सुईण दारात उभी राहिली, म्हणाली, "चाल."

नंबर नसलेली झाडं उभी होती. नंबराची एकेक करून पडत चालली होती. ऐनही आडवा झाला होता. मुकादमाच्या हातात यादी होती, माझ्याच वहीची झेरॉक्स, माझ्याच अक्षरातली.

तिथेच बसून मी पिशवीतला करार वाचला. नंबर घालून नोंदवलेली मोठी झाडं कंपनीनं तोडावीत, त्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यातला एक डोंगर राखावा, असं त्यात साफ लिहिलं होतं. परत येऊन एसटीडीवरून साहेबांना फोन लावला.

"अगं, एवढासा पट्टा देऊन अख्खा डोंगर वाचला," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

"मग गावाला तसं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर अंगठे मिळाले असते?"

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी गावात जाऊन खरा करार सगळ्यांसमोर सांगितला. टोळीला नंबराशिवाय झाड तोडायची मुभा नाही, हेही सांगितलं. बाया उठल्या, घरातून विळे घेऊन आल्या. दोन दिवस आम्ही उभ्या झाडांवरचे नंबर खरवडत होतो. टोळी आठवडाभर बसून राहिली, मग निघून गेली. निम्मी झाडं वाचली असतील. राजीनामा मी पोस्टानं पाठवला.

निघताना सुईणीचे पाय धरायला वाकले, तर ती मागे सरकली.

"मला खरंच माहीत नव्हतं, बाई," मी म्हणाले.

"तुले माहीत नव्हतं, ते मले समजते. पण सांगितलं तर तूच ना?"

त्यानंतर दोनदा त्या गावी गेले. दोन्ही वेळा तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी पिऊन होईस्तोवर दाराशी उभी राहिली. बस म्हणाली नाही.